अर्धी पट्टी

त्या ग्रंथाचे वजन पावणेतीन किलो होते. मला हे ठाऊक आहे, कारण तो माझ्या लेखनाच्या चौरंगावर ठेवताना उदय राजाध्यक्षांनी ते अभिमानाने सांगितले.

"शंभर वर्षांचा इतिहास आहे, शास्त्रीजी. जर्मनीहून विमानाने मागवला. केवळ आपल्यासाठी."

१९९६ सालचा भाद्रपद महिना होता. वाईला माझ्या खोलीत, कृष्णेच्या घाटाकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी आम्ही बसलो होतो. राजाध्यक्ष हे हाल्डेनबर्ग या जर्मन मोटार कंपनीचे जनसंपर्क अधिकारी. गृहस्थ मुंबईचे, बोलण्यात आर्जवी. पुणे-सातारा रस्त्यावर कंपनीचा भला मोठा कारखाना उभा राहत होता आणि दसऱ्याला यंत्रपूजा करून त्याचे उद्घाटन व्हायचे होते. त्या प्रसंगी संस्कृतात अकरा श्लोकांची प्रशस्ती मी रचावी, स्वमुखाने म्हणावी, आणि पुढे ती ताम्रपटावर कोरून कारखान्याच्या दाराशी लावावी, अशी त्यांची विनंती होती.

माझेच नाव त्यांना कसे सुचले, हे मी विचारले. त्यांनी एक छायाप्रत पुढे केली. कंपनीच्या अतिथी-नोंदवहीतले १९६२ सालचे ते पान होते. त्यावर माझ्या अक्षरात, माझाच एक आशीर्वादपर श्लोक होता आणि खाली सही: भास्करशास्त्री टेंबे, वाई.

"आमच्या जर्मन लोकांकडून काही हरवत नाही," राजाध्यक्ष म्हणाले. मग त्यांची दृष्टी चौरंगावरच्या कागदांवर गेली. ते वाऱ्याने उडू नयेत म्हणून मी ठेवलेले चांदीचे वजन त्यांनी उचलले. वर्तुळात पंख मिटून उभा असलेला एक पक्षी. कंपनीचे बोधचिन्ह. "हा तर आपल्याकडे आधीपासूनच आहे."

"चौतीस वर्षे आहे," मी म्हणालो.

मी प्रसन्न झालो होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. जर्मन भाषा मी तरुणपणी शिकलो ती तेथील पंडितांसाठी. आमच्या पोथ्या त्यांनी ज्या निष्ठेने तपासल्या, अक्षर अक्षर पडताळून छापल्या, त्यामुळे त्या देशाविषयी माझ्या मनात गुरुगृहाविषयी असावा तसा भाव होता. १९६१ ते ६३ अशी दोन वर्षे मी शिष्यवृत्तीवर तेथे राहिलो. त्या काळात या कंपनीने परदेशी अभ्यासकांना कारखाना दाखवून भोजन दिले होते. चांदीचा पक्षी त्या वेळची भेट.

प्रशस्तीची एक शिस्त असते. ज्याची स्तुती करायची त्याच्या वंशापासून आरंभ करावा लागतो. मूळ पुरुष, त्याचा पुत्र, त्याचा नातू, अशी साखळी अखंड बांधत वर्तमानापर्यंत यायचे. एखादा पूर्वज दुबळा असला तरी त्याला गाळता येत नाही. फार तर त्याच्या दानधर्माचे कौतुक करावे, पण जागा सोडू नये. म्हणून मी तो ग्रंथ आठ दिवस सावकाश वाचला.

ग्रंथ उत्तम होता. मूळ पुरुष याकोब हाल्डेनबर्ग हा लोहाराचा मुलगा. पहिली गाडी त्याने बापाच्या भात्याशेजारी बनवली. १९११ सालच्या गाडीच्या दिव्यांना कोणत्या गावचे पितळ वापरले, तेही त्यात होते. दार लावल्यावर कसा आवाज यावा हे ठरवण्यासाठी एक वादक नेमला होता, त्याचे छायाचित्र होते. नीट बसलेल्या त्या दारामुळेच जगभर कंपनीचे नाव झाले, असे लेखकाचे म्हणणे होते. मी श्लोक रचू लागलो. त्या पक्ष्याला मी हंस केले. नीर आणि क्षीर वेगळे करणारा हंस, यंत्रविद्येचा विवेक, अशी ती कल्पना साधली होती. मूळ पुरुषावर दोन श्लोक झाले, पुत्रावर दोन.

मग नातू आला. त्याने १९३८ ते १९४९ कंपनी चालवली. त्याच्या वाट्याला चारशे बारा पृष्ठांतली दीड ओळ होती. 'कठीण काळातून राष्ट्राबरोबर कंपनीही गेली. सप्टेंबर १९४४ मध्ये आगीत मुख्य यंत्रशाळा नष्ट झाली.' एवढेच. पुढच्या पानावर १९५० सालची निळी गाडी हसत उभी होती.

मी लेखणी खाली ठेवली. त्याच आठवड्यात कोंडिराम शेडगे आले.

शेडगे म्हणजे वाईचे जुने पोस्टमन. जन्म जवळच्या कणसेवाडीचा. मोठ्या लढाईत ते मराठा पलटणीत होते. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडले गेले आणि युद्धकैदी म्हणून जर्मनीत नेले गेले. परत आल्यावर टपालखात्यात लागले. माझी जर्मनीहून येणारी पत्रे बत्तीस वर्षे त्यांनीच आणून दिली. आता ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते. पायरीवर वहाणा काढून, टोपी नीट करून ते खाली बसले. माझ्या आग्रहाला न जुमानता खुर्चीवर ते कधी बसत नसत.

"बगळ्यावालं आल्यात म्हनं, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "हायवेला. पेपरात चित्र बघितलं, तवाच वळखलं."

"हंस आहे तो," मी म्हणालो.

"तुमी म्हनता तर आसंल. आमी त्याला बगळाच म्हनायचो. ट्रकवर काढल्याला आसायचा. सकाळच्याला ट्रक यायचा आन माणसं भरून न्यायचा."

ही हकीकत मला पूर्वीपासून ठाऊक होती. शेडग्यांच्या बहिणीचे, तानूबाईचे, यजमान ज्ञानू कणसे त्यांच्याच पलटणीत होते. दोघे एकाच छावणीत कैदी होते. ज्ञानूला बगळ्याच्या ट्रकमधून कारखान्यात कामाला नेत असत. १९४४ सालात एके दिवशी तो परतला नाही. काही दिवसांनी एका फ्रेंच कैद्याने शेडग्यांच्या हातात जस्ताची एक पट्टी ठेवली, आकाशाकडे बोट केले आणि हातांनी आधी बंद दाराची, मग घर कोसळल्याची खूण केली. प्रत्येक कैद्याच्या गळ्यात अशी पट्टी असे. मधोमध भोके पाडलेली, दोन्ही अर्ध्यांवर तोच क्रमांक. माणूस मेला की अर्धी मोडून घेत. ही अर्धीच होती.

कोणता दिवस, कोणती तारीख, हे त्या फ्रेंच माणसाला विचारायला शेडग्यांकडे भाषा नव्हती. छावणीत दिवस मोजायचे त्यांनी कधीच सोडले होते. सैन्याच्या कागदावर ज्ञानू 'बेपत्ता' राहिला. शेडग्यांनी गावी येऊन बहिणीला सांगितले. तिने एकच विचारले, तिथी कोणती. ती ठाऊक नव्हती. ज्याला तिथी नाही तो मेला कसा, असे म्हणून तिने कपाळाचे कुंकू तसेच ठेवले. परदेशी गेलेल्याचा देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करतात. तिथी अज्ञात असेल तर अमावास्या धरतात. हे मीच त्यांना सांगितले होते. तिने ते मानले नाही. अमावास्या सगळ्यांची असती, ती म्हणाली होती, माझ्या माणसाची कोणती ते सांगा.

"तानूला आता दिसत न्हाई नीट," शेडगे म्हणाले. "पर दसरा आला की आपट्याचं पान मागून घेती. त्याच्या वाट्याचं सोनं म्हनून देव्हाऱ्यात ठिवती. नवं आलं की जुनं ट्रंकंत. ट्रंक भरलीया, बुवा. सून म्हनती झुरळं व्हत्यात, टाकून द्या. कोन टाकतंय."

मी चौरंगावरचे कागद सारखे करू लागलो.

"तुमी त्या टायमाला जर्मनीत इचारलं हुतं. न्हाई म्हनले ते. आता त्यांचंच लोक दाराशी आल्यात. पुन्यांदा इचारा." मग जरा थांबून त्यांनी विचारले, "पट्टी हाय न्हवं तुमच्यापाशी?"

पट्टी होती. व्याकरणाच्या एका जुन्या पोथीत, रेशमी कापडात, पस्तीस वर्षे. जर्मनीला निघताना शेडग्यांनीच ती माझ्या हाती दिली होती. मी पोथी सोडून ती काढली. पोथीच्या पानावर तिची काळसर आकृती उमटली होती.

"विचारतो," मी म्हणालो.

पुढच्या सोमवारी मी कारखान्यात गेलो. संचालक हेर लिंडनर उंच, पन्नाशीच्या आतले, वागण्यात अत्यंत सभ्य गृहस्थ होते. माझे जर्मन ऐकून त्यांनी ते त्यांच्या आजोबांच्या काळातले आहे असे हसून सांगितले. राजाध्यक्ष शेजारी बसले होते. त्यांना जर्मन कळत होते, बोलता बेताचे येत होते. मी पट्टी टेबलावर ठेवली आणि सारे सांगितले. एका स्त्रीला एक तारीख हवी आहे, दुसरे काही नको.

लिंडनरांनी पट्टीला हात लावला नाही. "हे फार दुःखद आहे," ते म्हणाले. "परंतु त्या वर्षांचे कागद आगीत गेले."

"आग १९४४ च्या सप्टेंबरात लागली, असे आपल्या ग्रंथात आहे. पुढच्या महिन्यांचे कागद?"

"तेही उपलब्ध नाहीत."

"१९११ सालच्या पितळाचे कागद आहेत. १९६२ साली एका परदेशी पाहुण्याने जेवणानंतर लिहिलेला श्लोक आहे. तुमच्याकडून काही हरवत नाही असे मला सांगण्यात आले."

राजाध्यक्षांनी खुर्ची हलवली. "शास्त्रीजी, प्रसंग मंगल आहे. पाच हजार माणसांना इथे काम मिळणार आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या गोष्टी आज उकरून काय साधणार?"

"एक तिथी," मी म्हणालो.

लिंडनर म्हणाले की त्यांचा जन्म युद्धानंतरचा, त्या काळाशी त्यांचा वैयक्तिक संबंध नाही. श्लोकांविषयी त्यांनी एक सूचना केली, तीही मोठ्या सौजन्याने. नातवाचा भाग अवघड जात असेल तर पुत्रावरून थेट पणतूवर यावे. कोणाच्या लक्षात येणार नाही.

माझ्या आयुष्यात मला राग फार थोड्या वेळा आला. पाठशाळेत आम्हांला पहिली शिकवण मिळाली ती वाणी सांभाळण्याची. त्या दिवशी मात्र तो आला, आणि घरी परतेपर्यंत एकच वाक्य मी मनाशी घोकत होतो. कोणाच्या लक्षात येणार नाही. ज्यांनी आमच्या पोथीतला एक अनुस्वार गळाला तरी तळटीप दिली, त्यांच्या देशातला माणूस मला सांगत होता की एक पिढी गाळा. पोथीत पान हरवलेले असेल तर प्रामाणिक लेखक त्या ठिकाणी जागा कोरी सोडतो आणि लिहितो, 'अत्र पत्रं त्रुटितम्'. येथे पान तुटले आहे. पुढचे अक्षर ओढून आणून भोक बुजवत नाही. मी ठरवले की हेच करायचे.

दसऱ्याच्या दिवशी कंपनीने मला आणायला गाडी पाठवली. दार लावले तेव्हा खरोखरच सुरेख आवाज आला. शेडगे माझ्यासोबत होते. धुतलेले धोतर, छातीवर दोन पदके. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी पुढच्या झाकणावरच्या पक्ष्याकडे क्षणभर पाहिले आणि मग मागच्या बाजूने फिरून आत आले.

मांडव मोठा होता. यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. हळदकुंकवाची बोटे ओढलेल्या त्या पोलादी हातांकडे जर्मन पाहुणे कौतुकाने बघत होते. मंत्री आले, नारळ फुटला, भाषणे झाली. मग माझे नाव पुकारले गेले.

मी मूळ पुरुषाचे श्लोक म्हटले, पुत्राचे म्हटले. चौथ्यानंतर थांबलो. दोन श्लोकांना लागेल एवढा वेळ मी मुखातून अक्षर काढले नाही. मांडवातला पंखा फिरताना ऐकू येत होता. मग मी म्हणालो, "अत्र पत्रं त्रुटितम्." आणि पुढचे श्लोक म्हटले, जे मी कोणालाही दाखवले नव्हते. त्यांचा अर्थ असा: हे पान काळाने खाल्ले नाही, हातांनी फाडले आहे. गळ्यात क्रमांक बांधून ज्यांना आणले, ज्यांनी तुझ्या यंत्रशाळेत लोखंड वाहिले आणि ज्यांना आगीच्या वेळी दार उघडले गेले नाही, त्यांची नावे, हे हंसा, तू क्षीरात ठेवलीस की नीरात? माझा आवाज चढला होता. सत्तर वर्षांत मी कोणालाही इतके कठोर बोललो नव्हतो. शेवटचा चरण संपवून मी मान वर केली.

टाळ्यांचा कडकडाट झाला.

मंत्री टाळ्या वाजवत होते. पाहुणे उभे राहिले. लिंडनर हात जोडून, डोळे मिटून, मान लववून उभे होते. राजाध्यक्ष पुढे आले आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाले, "काय ओजस्वी झाले, शास्त्रीजी. अंगावर काटा आला."

एकालाही एक शब्द कळला नव्हता. माझा सारा क्रोध त्यांनी हारासारखा गळ्यात घालून घेतला होता. मी शेडग्यांकडे पाहिले. ते तिसऱ्या रांगेत बसले होते, टाळी वाजवत नव्हते. त्यांनी फक्त भुवया उंचावल्या. इचारलं का, असे ते विचारत होते.

मी पुन्हा ध्वनिक्षेपकाकडे वळलो. या वेळी जर्मनमध्ये बोललो, अगदी साध्या वाक्यांत, शाळेतल्या मुलाला सांगावे तसे. या मांडवाच्या मालकांच्या कारखान्यात १९४४ साली साताऱ्याकडचा एक सैनिक कैदी म्हणून मेला. त्याचे नाव ज्ञानू कणसे. हा त्याचा क्रमांक. मी पट्टी वर धरून अंक एकेक वाचला. त्याची बायको येथून वीस कोसांवर राहते आणि तिला मृत्यूची तारीख हवी आहे. तुम्ही म्हणता कागद नाहीत. मी म्हणतो तुम्ही पाहिलेच नाहीत. मग हेच मी मराठीत सांगितले.

आता कोणी टाळी वाजवली नाही. मंत्र्यांनी घड्याळ पाहिले. ध्वनिक्षेपक बंद झाला, पण मी बोलणे संपवले होते. लिंडनरांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्यांच्या मागे बसलेली एक वयस्क जर्मन बाई वहीत काहीतरी लिहून घेत होती. राजाध्यक्षांनी मला कोपराला धरून खाली उतरवले. त्यांच्या आवाजातले आर्जव गेले होते.

"आपल्याला एवढा मान दिला त्याचे हे फळ? निदान वयाला शोभेल असे वागायचे होते."

परत जायला गाडी मिळाली नाही. आम्ही दोघे रस्त्यापर्यंत चालत आलो आणि एसटीची वाट पाहत उभे राहिलो. ताम्रपट लागला नाही हे सांगायला नकोच.

"झ्याक बोललात, बुवा," शेडगे म्हणाले. "त्या मड्डमेनं नंबर लिवून घेतला. म्या बघितलं. पोस्टातल्या मानसाला कळतंय, कोन नुसतं गिरवतंय आन कोन लिवतंय."

मी एसटी येण्याच्या दिशेने पाहत राहिलो. त्यांना वाटले, मी थकलो आहे.

मार्गशीर्षात जर्मनीहून पत्र आले. आता पोस्टमन दुसरा होता. पाठवणारी त्या कंपनीच्या अभिलेखागारातली एक बाई होती. मी ते उभ्या उभ्या वाचले, घडी घातली आणि दोन दिवस कोणालाही दाखवले नाही. तिसऱ्या दिवशी शेडग्यांना निरोप धाडला आणि आम्ही कणसेवाडीला गेलो.

तानूबाई ओट्यावर उन्हात बसली होती. लहानखुरी, पांढऱ्या केसांची, कपाळावर रुपयाएवढे कुंकू. डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. आवाजाच्या दिशेने तिने मान वळवली.

"कोन, शास्त्रीबुवा? बसा. कोंड्या, घोंगडं टाक."

मी घोंगडीवर बसलो आणि पत्र उघडले. शेडगे माझ्या खांद्याशी येऊन बसले. जर्मन त्यांना वाचता येत नव्हते, पण कागदाकडे बघण्याची सवय जुनी होती. मी एकेक वाक्य वाचून मराठीत सांगू लागलो. आपण दिलेला क्रमांक आम्हांला सापडला. कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या यादीत तो आहे. यादीत नावे नाहीत, केवळ क्रमांक आणि देश. 'हिंदी, एक.' बॉम्बवर्षावाच्या वेळी कैद्यांना तळघरात प्रवेश नव्हता. मृत्यूचा दिनांक २८ सप्टेंबर १९४४.

"मराठी महिना सांगा," तानूबाई म्हणाली.

मी पंचांग आधीच पाहिले होते. "आश्विन शुद्ध एकादशी."

ती बोटांवर मोजत राहिली. ओठ हलत होते. "म्हंजी दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी."

"होय."

"दसऱ्याला हुतं?"

"होते."

तिने हात कपाळाकडे नेला आणि तसाच खाली आणला. "मग त्या वर्साचं सोनं पोचलं त्यास्नी," ती म्हणाली. "मला वाटायचं, समदंच वाया गेलं." मग सुनेला हाक मारून तिने ट्रंक बाहेर आणायला सांगितले, आणि कुंकवाविषयी कोणी विचारले नसताना म्हणाली की ते ती तिथीला पुसेल, आज नाही.

मी पत्राची घडी घालू लागलो.

"फुडं?" शेडगे म्हणाले. "अजून एक वळ हाय खाली."

ती ओळ मी दोन दिवस पाहत होतो. ती वाचली नसती तर त्यांना कधीच कळले नसते. हातांनी फाडलेल्या पानाविषयी मी भर मांडवात गर्जना केली होती, त्या वेळीही ही ओळ कुठेतरी लिहिलेली होतीच.

"ही यादी १९४९ पासून आमच्या संग्रहात आहे," मी वाचले. "मागितली असती तर ती कोणालाही दाखवली गेली असती. संग्रहाच्या नोंदीनुसार या क्रमांकाची चौकशी याआधी कोणीही केलेली नाही."

सूनबाईने ट्रंक ओट्यावर ठेवली. तिच्या कड्या वाजल्या.

"कोनी बी न्हाई?" शेडगे म्हणाले.

"नाही."

"तुमी इचारलं हुतं न्हवं. बासष्ट साली."

तेव्हा मी सांगितले. त्या भोजनाच्या वेळी पट्टी माझ्या कोटाच्या खिशात होती. कंपनीचे मालक माझ्या शेजारी बसले होते, तोच तो नातू, वृद्ध, मृदू बोलणारा. त्याने मला उपनिषदांविषयी विचारले. तेथे मी ज्यांच्या हाताखाली शिकत होतो, त्या माझ्या जर्मन गुरुजींचा तो स्नेही होता. मी खिशात हात घातला, पट्टीला बोट लागले. ज्याचे अन्न खाल्ले त्याच्या घरात असला प्रश्न विचारणे मला अशिष्ट वाटले. जेवणानंतर नोंदवही पुढे आली आणि मी श्लोक लिहिला. परत आल्यावर शेडगे दाराशी उभे होते, हातात माझीच पत्रे घेऊन, आणि मी त्यांना म्हणालो, विचारले, काही नोंद नाही.

तानूबाई ट्रंकेत हात घालून तळाची पाने चाचपत होती. हाताला लागताच त्यांचा भुगा होत होता.

"बत्तीस वर्सं तुमच्या दारात टपाल टाकलं, शास्त्रीबुवा," शेडगे शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पावसात, पुरात. कृष्णामाईचं पानी पायरीला लागलं हुतं तवा पत्रं डोक्यावर बांधून आनली. एक बी चुकवलं न्हाई. तुमच्याकडं म्या एकच टपाल दिलं हुतं."

मी काही म्हणू लागलो. त्यांनी मान हलवली.

"तिथी दिलीत. उपकार झालं. विधीला भटजी आमी दुसरा बघू."

मग त्यांनी हात पुढे केला. मला आधी वाटले, ते मला उठायला आधार देत आहेत. मी रेशमी कापड सोडले आणि पट्टी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती धोतराच्या सोग्याला दोनदा पुसली, बहिणीच्या हातात दिली, आणि माझ्या वहाणा उचलून ओट्याखाली, वाटेच्या दिशेला तोंड करून ठेवल्या.